नातं तुटलं, भाडेकरार चालू आहे : घर सोडण्याआधी काय काय करायचं

दोघांनी मिळून फ्लॅट भाड्याने घेतला, अकरा महिन्यांचा करार केला आणि चौथ्या-पाचव्या महिन्यातच नातं तुटलं, ही वेळ पुण्या-मुंबईत आता अनेकांवर येते. कुणी लग्न ठरल्यावर घर घेतलेलं असतं, कुणी नुसतंच एकत्र राहत असतं. अशा वेळी दोन शब्द एकदम मोडलेले असतात. एक एकमेकांना दिलेला, दुसरा घरमालकाला दिलेला. पहिल्याचं दुःख खरं आहे आणि ते ओसरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. दुसऱ्याला मात्र तारखा आहेत, रकमा आहेत आणि खाली सह्या आहेत. पैशाचं बहुतेक नुकसान पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढल्याने होतं. कुणी चिडून भाडं थांबवतं, कुणी कुलूप बदलतं, कुणी मालकाला परस्पर फोन करून ‘डिपॉझिट माझ्याच खात्यात टाका’ म्हणून सांगतं. म्हणून पुढचं सगळं दोन वेगळ्या वह्यांत ठेवायचं आणि एका वहीतला राग दुसरीत उतरवायचा नाही.

मारहाण किंवा धमकी असेल तर

तर हिशेब, नोटीस, लॉक-इन (करार सोडता न येण्याचा काळ) सगळं नंतर. आधी घराबाहेर पडा. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१. बरोबर आधार, पॅन, पासपोर्ट, शिक्षणाची मूळ प्रमाणपत्रं, रोजची औषधं, लॅपटॉप आणि बँकेची कार्डं घ्या. भांडी-गाद्या राहू देत. करार मोडला म्हणून जास्तीत जास्त पैशाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो महिनाभराने सोडवला तरी चालतो. एकट्याने सामान आणायला परत जाऊ नका. दोन माणसं सोबत घ्या, किंवा पोलीस ठाण्यात आधी कळवून जा.

करार उघडा आणि सावकाश वाचा

महाराष्ट्रात घर बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या करारावर दिलं जातं. ऑनलाइन नोंदणी झाली असेल तर कराराची पीडीएफ तुमच्या मेलवर किंवा एजंटकडे असते. ती काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज इथे चुकीचा ठरतो. करार नोंदवलेलाच नसेल, तर अटींबद्दल वाद झाल्यास राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. वाद मिटवायला बसताना ही माहिती उपयोगी पडते, पण धमकी म्हणून वापरू नका.

आता नावं बघा. लायसन्सी, म्हणजे घरात राहणारे म्हणून दोघांची नावं आणि दोघांचे अंगठे असतील, तर भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ४३ लागू होतं. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर मालक पूर्ण भाडं दोघांपैकी कुणाही एकाकडे मागू शकतो. ‘मी माझा अर्धा हिस्सा दिलाय, बाकीचं त्याला विचारा’ हे उत्तर मालकापुढे चालत नाही. ज्याने पूर्ण भरलं तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करू शकतो, पण तो त्या दोघांतला मामला. कलम ४४ तर आणखी पुढे जातं. मालकाने एकाला ‘तू मोकळा’ म्हटलं तरी दुसरा आपोआप सुटत नाही. घर सोडून गेलेल्या माणसाला वाटतं, किल्ली ठेवली आणि विषय संपला. तसं नसतं. करारातून नाव निघेपर्यंत जबाबदारी अंगावर राहते.

मग लॉक-इनचं कलम बघा. तीन किंवा सहा महिने असा काळ बहुधा दिलेला असतो, त्यात दोन्ही बाजूंना करार सोडता येत नाही. इथे एका वाक्याकडे नीट लक्ष द्या. ‘लॉक-इन संपल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन’ असं लिहिलं असेल, तर सहा महिन्यांचं लॉक-इन प्रत्यक्षात सात महिन्यांचं होतं. ‘लॉक-इन काळ संपण्यापूर्वी सोडता येणार नाही’ एवढंच असेल, तर पाचव्या महिन्याच्या शेवटी नोटीस देऊन सहाव्याच्या शेवटी घर सोडता येतं. करार १ जूनला सुरू झाला असेल तर पहिल्या वाचनात घर ३१ डिसेंबरला सुटतं, दुसऱ्यात ३० नोव्हेंबरला. एका महिन्याच्या भाड्याचा फरक पडतो. नोटीस ‘तीस दिवसांची’ आहे की ‘एका कॅलेंडर महिन्याची’ हेही तिथेच कळतं. कॅलेंडर महिना असेल तर ३ तारखेला दिलेली नोटीस पुढच्या महिन्यापासून मोजली जाऊ शकते, म्हणून नोटीस महिना संपायच्या आत हाती पडेल अशी द्या.

डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, त्यातून काय कापणार आणि रंगाचे पैसे कुणी द्यायचे हे एका परिच्छेदात असतं. त्यावर खूण करून ठेवा, खाली लागेल.

दोघांतला हिशेब

हे काम नातं तुटल्याच्या रात्री करू नका. आठवडाभरात करा, फोनवर नको, घरात नको. उपाहारगृहात किंवा दोघांच्याही ओळखीच्या कुणाच्या घरी बसून, वही घेऊन करा. बोलणं चिघळत असेल तर मेलवरच करा. तीन प्रश्नांची उत्तरं लागतात : घरात कोण राहणार आणि कधीपर्यंत, लॉक-इन संपेपर्यंत भाडं कोण किती देणार, आणि डिपॉझिटमधला कुणाचा वाटा किती.

एक उदाहरण आकड्यांसकट. भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट ७२,००० रुपये. त्यातले तिने ४५,००० भरले, त्याने २७,०००. करार १ जूनपासून, लॉक-इन सहा महिने. सप्टेंबरमध्ये नातं तुटलं, तो ३० सप्टेंबरला बाहेर पडला. ती एकटी ३० नोव्हेंबरपर्यंत राहिली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचं पूर्ण भाडं तिनेच भरलं.

त्याच्याकडे दोन महिन्यांचे अर्धे, म्हणजे २४,००० रुपये येणं. घर सोडताना मालकाने रंग-दुरुस्तीचे ८,००० कापले, त्यातले त्याचे ४,०००. त्याचे डिपॉझिटचे २७,००० त्यातून वजा केले तरी १,००० रुपये तोच तिला देणं लागतो. दोघांनी मिळून घेतलेला फ्रिज त्याने नेला आणि जुन्या बाजारात त्याला आज १०,००० येतात, तर तिचे आणखी ५,०००. एकूण ६,०००. मालकाकडून आलेले ६४,००० सगळे तिच्या खात्यात राहतात आणि वर त्याने ६,००० द्यायचे. बरेच जण इथे चकतात, कारण ‘माझे सत्तावीस हजार परत हवेत’ एवढंच डोक्यात असतं.

आता यात बदल करून बघा. १ नोव्हेंबरपासून तिला नवी फ्लॅटमेट मिळाली आणि ती अर्धं भाडं देऊ लागली. मग त्याच्याकडे फक्त ऑक्टोबरचे १२,००० येणं. रंगाचे ४,००० आणि फ्रिजचे ५,००० धरूनही त्याला ६,००० परत मिळतात. म्हणून जो बाहेर पडतो त्याने हात झटकण्यापेक्षा दुसरं माणूस शोधून देण्याच्या कामात मदत करणं त्याच्याच फायद्याचं आहे.

अर्धं-अर्धं नेहमीच न्याय्य असतं असं नाही. लॉक-इनमुळे घर सोडता येत नाही म्हणून ती अडकून राहिली असेल, तर त्याचा अर्धा वाटा बरोबर आहे. तिला तेच घर आवडतं, ऑफिस जवळ आहे, म्हणून ती हौसेने राहत असेल, तर लॉक-इन संपल्यानंतर त्याच्याकडे एक रुपयाही मागू नये आणि लॉक-इनमध्येही थोडी सूट द्यावी. एकाचा पगार दुसऱ्याच्या दुप्पट असेल आणि भाडं आधीपासून तसंच वाटून घेत असाल, तर तेच प्रमाण पुढे चालू ठेवा. ब्रेकअप झाल्यावर नवं प्रमाण शोधायला बसलात तर भांडण होणारच.

लाइट बिल आणि गॅस, जो राहतो त्याचा. त्यासाठी बाहेर पडणाऱ्याने त्या दिवशी मीटरचा फोटो काढावा, आकडा स्पष्ट दिसेल असा. वायफायचं वर्षाचं पॅकेज भरलेलं असेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे राहणाऱ्याने द्यावेत. एजंटची दलाली मात्र विसरा. ते पैसे गेले, त्यावर वाद घालून हाती काही लागत नाही. एकमेकांना दिलेल्या भेटवस्तूही हिशेबात ओढू नका. हप्त्यावर घेतलेली वस्तू ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याने ठेवणं बरं. नाहीतर वस्तू एकाकडे आणि बँकेचे फोन दुसऱ्याला, असं वर्षभर चालतं.

ठरलं ते लिहा. साध्या शब्दांत पुरतं :

‘आपण दोघे [पत्ता] येथील फ्लॅटचे सह-लायसन्सी आहोत. मी ३० सप्टेंबर रोजी घर सोडत आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांच्या भाड्याचा माझा वाटा दरमहा १२,००० रुपये असून तो माझ्या डिपॉझिटच्या २७,००० रुपयांतून वळता करावा. नवीन राहणारी व्यक्ती आल्यास त्या तारखेपासून माझा वाटा बंद होईल. मालकाने केलेली कपात निम्मी-निम्मी. अंतिम हिशेब डिपॉझिट परत आल्यापासून सात दिवसांत पूर्ण करू.’

हे मेलवर पाठवा आणि समोरच्याने ‘मान्य आहे’ असं उत्तर द्यावं. रक्कम मोठी असेल तर स्टॅम्प पेपरवर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. यूपीआयने पैसे पाठवताना शेऱ्यात ‘ऑक्टोबर भाडे’ असं लिहा. हृदयाचं चिन्ह किंवा नुसता पूर्णविराम टाकून पाठवलेल्या रकमा नंतर भेट होत्या की भाडं, हे सिद्ध करता करता जीव जातो.

मालकाला काय सांगायचं

खासगी कारण सांगायची गरज नाही. ‘आमच्यात काही कारणाने’ अशी सुरुवात केलीत की पुढचे वीस प्रश्न येतात. दोघांनी मिळून, एकच निरोप, एकाच दिवशी पाठवा. आधी फोन, मग लगेच लेखी :

‘काका, नमस्कार. करारातील सह-लायसन्सी ३० सप्टेंबरपासून या घरात राहणार नाहीत. करार आणि भाडं नियमित चालू राहील. दुसरी व्यक्ती राहायला आणायची असल्यास आधी आपली लेखी परवानगी घेऊ आणि पोलीस पडताळणीसाठी कागदपत्रं देऊ. डिपॉझिट परत देताना ते कोणत्या खात्यात द्यायचं हे आम्ही दोघं मिळून लेखी कळवू, तोपर्यंत कुणा एकाच्या सांगण्यावरून देऊ नये ही विनंती.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मालक सहसा ज्याच्या खात्यातून पैसे आले त्यालाच परत पाठवतो आणि मोकळा होतो.

एकालाच राहायचं असेल तर नोंदवलेल्या करारातलं एक नाव नुसतं खोडता येत नाही. जुना करार संमतीने संपवून एकाच्या नावाने नवा करणं सगळ्यात सोपं. खर्च फार नाही : मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. वरच्याच घराचं बघा. अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००, डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेलं अकरा महिन्यांचं व्याज ६,६००, बेरीज २,७०,६००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ७०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये, वर एजंटची फी. यात जुनं डिपॉझिट नव्या कराराकडे वळवलं असं लिहून घ्या आणि बाहेर पडणाऱ्याला त्याचे पैसे कुणी दिले तेही. नवा करार म्हणजे नवं लॉक-इनही येतं, ते काढून टाकायला सांगा. चार महिने भाडं वेळेवर दिलेलं असलं की मालक बहुधा ऐकतो.

‘आता एकटी मुलगी राहणार, सोसायटीला चालणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर करार पुढे करा. एकटं राहू नये असं कलम त्यात नसेल तर एकटं राहणं हा करारभंग होत नाही. पण घर घेताना नवरा-बायको आहोत असं खोटं सांगितलेलं असेल, तर इथे पाय अडकतो. ते आता सरळ सांगून टाकणंच बरं.

लॉक-इनमध्येच घर सोडायचं असेल

मालक म्हणेल, उरलेले सगळे महिने भरा किंवा डिपॉझिट जप्त. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. घर पंधरा दिवसांत दुसऱ्याला गेलं, तर तीन महिन्यांचं भाडं मागणं टिकायला कठीण. म्हणून वाद घालण्यापेक्षा माणूस आणून द्या : चांगल्या नोकरीतले, कागदपत्रं तयार असलेले दोन-तीन इच्छुक मालकापुढे उभे करा आणि कुणाला कधी घर दाखवलं याचे निरोप जपून ठेवा. नव्या कराराचा खर्च आपण देतो म्हणा. बहुतेक वेळा एक महिन्याच्या भाड्यावर प्रकरण मिटतं, आणि तेवढं देऊन मोकळं होणं शहाणपणाचं आहे.

उलटही घडतं. ‘तू जा’, ‘नाही, तू जा’ यात कराराची मुदत उलटते आणि घर रिकामं होत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याकडून मालक भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. ती दोघांवरही येते.

करारात एकाचंच नाव असेल

ज्याचं नाव नाही त्याचं मालकाशी नातं जवळजवळ नसतं, पण दुसऱ्याने सामान बाहेर टाकावं किंवा रात्रीत कुलूप बदलावं असाही त्याचा अर्थ नाही. जायला वाजवी मुदत द्या, निदान दोन-तीन आठवडे, आणि ती लिहून द्या. नाव नसलेल्याने डिपॉझिटमध्ये पैसे घातले असतील तर बँकेची नोंद हाच आधार.

स्त्रीसाठी आणखी एक संरक्षण आहे, जे फार जणींना माहीत नसतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ विवाहासारख्या नात्यालाही लागू होतो आणि त्यातलं ‘सामायिक घर’ भाड्याचं असलं, करार एकट्या पुरुषाच्या नावावर असला, तरी चालतं. हिंसाचार झाला असेल तर न्यायदंडाधिकारी तिला घरातून काढायला मनाई करू शकतात, किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाच्या घराचं भाडं द्यायला लावू शकतात. हिंसाचारात शिव्या, अपमान आणि पैशाची कोंडीही मोडते. अर्ज याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. मात्र प्रत्येक एकत्र राहणं यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकष सांगितले : किती काळ एकत्र राहिले, घरखर्च एकत्र होता का, लोकांत जोडपं म्हणून वावरत होते का, पुढचा इरादा काय होता. दोन महिने एका फ्लॅटमध्ये राहिल्याने ते सिद्ध होणं अवघड.

लग्नाचं वचन मोडलं असेल

लग्न करायचा हेतूच नसताना वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. पण वचन खोटं असणं आणि वचन पुढे मोडणं यात फरक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केला. मनापासून दिलेलं वचन घरच्यांच्या विरोधाने किंवा मन बदलल्याने मोडलं तर तो गुन्हा होत नाही, कितीही लागलं तरी. फसवणूक खरी असेल तर वकिलाला भेटा आणि तक्रार कराच. डिपॉझिट सोडवून घेण्यासाठी तक्रारीची भीती घालू नका, आणि डिपॉझिटच्या बदल्यात खरी तक्रार सोडूही नका. दोन वह्या वेगळ्या ठेवायच्या त्या याचसाठी.

किल्ली देण्याचा दिवस

दिवसाउजेडी जा. दार उघडल्यापासून एकच सलग व्हिडिओ काढा : प्रत्येक खोलीच्या भिंती, छत, किचनचा ओटा, सिंकखालचा पाइप, बाथरूमचे नळ चालू करून, पंखे-दिवे लावून, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या, शेवटी मीटर. घर घेतानाचे फोटो असतील तर ते शेजारी ठेवा. वापराने फिकट झालेला रंग ही रोजची झीज आहे, भिंतीत मारलेले खिळे आणि ड्रिलची भोकं ही तुमची. पांढरी पुट्टी आणून ती आदल्या दिवशीच बुजवा. शंभर-दोनशे रुपयांचं काम, न केल्यास कपात हजारांत. किल्ल्या मोजून द्या, लेटरबॉक्सची आणि पार्किंगच्या रिमोटचीही, आणि मालकाकडून ‘ताबा मिळाला’ असा एका ओळीचा निरोप तिथेच घ्या. दोघांपैकी एकालाच जाता येणार असेल तर दुसऱ्याने ‘माझ्या वतीने ताबा द्यावा’ असं आधी लिहून पाठवावं.

एक जण घरात राहणार असेल तर बाहेर पडणाऱ्याने आपली किल्ली परत द्यावी, राहणाऱ्याने मालकाला विचारून लॅचचा सिलिंडर बदलावा, गेटच्या अ‍ॅपमधून नाव काढावं, वायफाय आणि ओटीटीचे पासवर्ड बदलावेत. जाणाऱ्याने आधार, बँक आणि ऑनलाइन खरेदीचे पत्ते बदलावेत. कार्ड किंवा कोर्टाचा कागद जुन्या पत्त्यावर गेला आणि तिथून कुणी कळवलंच नाही, असं होऊ देऊ नका.

डिपॉझिट आलं नाही तर

करारातली मुदत संपली की पहिल्या आठवड्यात शांतपणे आठवण करा. दुसऱ्या आठवड्यात मेल, रक्कम आणि तारखेसह. तरीही नाही तर वकिलामार्फत पंधरा दिवसांची नोटीस, पोचपावतीसह स्पीड पोस्टने. पैसे मागायचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, एकमेकांकडून येणं असलेल्या पैशालाही तीच मुदत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्याआधीच तडजोडीसाठी अर्ज करता येतो. तिथे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

आणि चॅट पुसू नका. ते पुन्हा वाचणं सहन होत नसेल तर आर्काइव्ह करा, नोटिफिकेशन बंद करा, पण मूळ फोनमध्ये राहू द्या. स्क्रीनशॉटला कोर्टात आक्षेप येतो. मूळ फोन आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र असलं की तोच संवाद पुरावा म्हणून दाखल करता येतो. डिपॉझिट आणि आपसांतला हिशेब दोन्ही चुकते झाले, समोरच्याचं ‘पूर्ण मिळाले’ हे लेखी आलं, की मग हवं तर सगळं पुसून टाका.